जुनी पोर्शे ९४४: टर्बो घ्यावी की बिनटर्बोची एस-२?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही कळेल. तुम्ही श्टुटगार्टजवळ राहता, बजेट तीस हजार युरो आहे आणि दोन पोर्शे ९४४, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या स्पोर्ट्स कार, पाहून ठेवल्या आहेत. एक १९८६ची टर्बो (म्हणजे एक्झॉस्टच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप असलेली), १ लाख ९० हजार किलोमीटर चाललेली, २६ हजार युरोंना. दुसरी १९९०ची एस-२, तीन लिटरचं बिनटर्बोचं इंजिन, १ लाख ६० हजार किलोमीटर, २४ हजार युरोंना. वापर रविवारच्या फेरफटक्यांपुरता, बहुतेक श्वार्झवाल्डच्या घाटांत, आणि जमलं तर वर्षातून एकदा हॉकेनहाइमला ट्रॅकवर. गाडी भुयारी पार्किंगमध्ये उभी राहणार, पाना-पक्कड तुम्ही स्वतः हातात घेत नाही. मित्र म्हणतो, टर्बोच घे, नाहीतर जन्मभर हळहळशील. आणि तुम्ही विचारताय की टर्बो म्हणजे खरंच एवढी डोकेदुखी असते का.

मी पुण्यात डिप्लोमा करून इकडे आलो आणि गेली अठरा वर्षं याच पिढीच्या गाड्यांवर काम करतो. दोन्ही प्रकारच्या गाड्या मी उघडल्यात, जोडल्यात, चालवल्यात. दोन्हींवर माझं प्रेम आहे, तरी तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे. ते सांगण्याआधी त्यामागचं कारण सांगतो. उद्या तिसरीच गाडी समोर आली तर उत्तरापेक्षा हे कारण तुमच्या जास्त कामाला येईल.

सुरुवात आकड्यांपासून करू, कारण गैरसमज तिथेच होतो. १९८६च्या टर्बोची ताकद २२० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर), एस-२ची २११. फरक फक्त नऊचा. टॉर्क टर्बोचा ३३० न्यूटन मीटर, एस-२चा २८०. शून्य ते शंभरला टर्बो साधारण ६.३ सेकंद घेते, एस-२ ६.९. सर्वोच्च वेग २४५ आणि २४०. 'टर्बो म्हणजे वेगवान आणि साधी म्हणजे मवाळ' हे गणित साध्या अडीच लिटर ९४४ला लागू होतं, तिची ताकद १६३ पीएस होती. एस-२ला ते लागू होत नाही. पोर्शेने एस-२ला टर्बोसारखं नाक आणि टर्बोचे चार पिस्टनवाले ब्रेक दिले होते, ते उगाच नाही. म्हणजे तुमच्यासमोर जवळजवळ सारख्याच वेगाच्या दोन गाड्या आहेत. फरक आहे तो ताकद हातात कशी येते यात, आणि ती टिकवायला काय काय करावं लागतं यात.

आधी पहिला भाग. पुण्यात किंवा मुंबईत तुम्ही आजची एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी चालवली असेल तर १९८६चा टर्बो तसाच असेल असं मनात धरू नका. आजचे टर्बो छोटे असतात, दीड-दोन हजार आरपीएमलाच जागे होतात. ९४४ टर्बोवर केकेके कंपनीचा के-२६ टर्बो आहे. त्याला फिरायला भरपूर एक्झॉस्ट लागतो आणि तो मिळेपर्यंत काट्याने तीन हजाराचा आकडा गाठलेला असतो. त्याखाली काय असतं? अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, तेही ८:१ इतक्या कमी कॉम्प्रेशनचं, म्हणजे पेटण्याआधी हवा-पेट्रोल कमी दाबणारं. टर्बो हवा कोंबणार म्हणून कॉम्प्रेशन मुद्दाम खाली ठेवलेलं असतं, नाहीतर इंजिन नॉकिंगने, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून, मरेल. त्यामुळे बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, नसताना ही गाडी साध्या ९४४पेक्षाही मंद वाटते. मग तीन हजार, सव्वातीन हजार, आणि मागून कुणीतरी ढकलल्यासारखी ती सुटते. हा अनुभव व्यसन लावणारा आहे, हे मी नाकारणार नाही. ऑटोबानवर चौथ्या गिअरमध्ये १२० वरून १८० कडे जाताना टर्बोची जी ओढ असते ती एस-२मध्ये नाही.

एस-२चं कॉम्प्रेशन १०.९:१, सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, आणि चार सिलिंडरच्या मानाने २९९० सीसी म्हणजे प्रचंड मोठं इंजिन. पाय जितका दाबाल तितकं मिळतं, त्याच क्षणी मिळतं. दोन हजारावरही ती कुरकुरत नाही. बाडेन-बाडेनहून फ्रॉयडनश्टाटकडे जाणारा बी-५०० हा घाटरस्ता तुम्ही केला असेलच. तिथे उतारावरचं वळण संपता संपता गाडी परत उचलायची असते. एस-२मध्ये तुम्ही तिसऱ्यातच राहता. टर्बोमध्ये दुसऱ्यात यावं लागतं, किंवा वळणाच्या मध्यापासूनच पाय हळूहळू दाबत बूस्ट आधीपासून तयार ठेवावा लागतो. ज्यांना हे जमतं त्यांना त्यातच गोडी वाटते. मला स्वतःला जमायला दोन उन्हाळे लागले. पण ऑक्टोबरात ओल्या पानांनी भरलेल्या रस्त्यावर, वळणाच्या ऐन मध्यात बूस्ट आला की मागची चाकं काय म्हणतात हे मी अनुभवलंय. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या ॲक्सलवर, वजन जवळजवळ निम्मं-निम्मं, म्हणून ९४४ माफ करणारी गाडी आहे. तरीही नवख्या माणसाला तो क्षण घाबरवतो.

तेव्हा स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न हा: तुमचे रविवार वळणांत जाणार की ऑटोबानवर? तुम्ही घाट म्हणालात. मी त्यावर विश्वास ठेवून पुढे जातो. तुमचं निम्मं चालवणं फ्रँकफर्ट किंवा म्युनिककडे लांब पल्ल्याचं असतं, तर या मुद्द्यावर मी टर्बोकडे झुकलो असतो.

आता दुसरा भाग, गाडी टिकवायचा. इथे मला जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण 'टर्बो नाही म्हणजे कटकट नाही' ही समजूत एस-२च्या बाबतीत महागात पडते.

दोन्हींना सामाईक काय ते आधी. एवढ्या मोठ्या चार सिलिंडरच्या इंजिनात थरथर फार असते. ती मारायला पोर्शेने दोन बॅलन्स शाफ्ट बसवले, त्याच्या पेटंटचा परवाना मित्सुबिशीकडून घेतलेला. म्हणून या इंजिनावर दोन बेल्ट: एक टायमिंगचा, एक बॅलन्स शाफ्टचा. टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि मग इंजिनचं मोठं काम निघतं. माझा नियम चार वर्षं किंवा ५० हजार किलोमीटर, जे आधी येईल ते. तुमच्यासारखी गाडी वर्षाला चार हजार किलोमीटर चालते, तेव्हा वर्षंच मोजायची. 'फक्त दहा हजार चाललाय बेल्ट' असं विक्रेता म्हणाला तर किती साली बसवला ते विचारा. त्याच वेळी वॉटर पंपही बदलायचा. क्लच बदलणं दोन्हींत मोठं काम आहे, कारण क्लच पुढे इंजिनला लागून आणि गिअरबॉक्स मागे. दोघांना जोडणारी मधली सगळी नळी मागे सरकवल्याशिवाय क्लच दिसतही नाही. आमच्याकडे एस-२ला दोन पूर्ण दिवस जातात, टर्बोला त्याहून अर्धा-एक दिवस जास्त, कारण टर्बोकडे जाणारा एक्झॉस्टचा पाइप त्याच वाटेत येतो. कूलंटमध्ये ऑइल दिसलं तर लगेच हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालची सील) गेलं असं समजू नका. ऑइल कूलरची सील जाणं या इंजिनांत नेहमीचं आहे, आणि ते बरंच स्वस्तात सुटतं. पत्रा गॅल्व्हनाइज्ड आहे, पण दाराखालची पट्टी आणि पुढच्या मडगार्डची खालची कड बोटांनी चाचपून बघा. मागच्या मोठ्या काचेचा चिकटवलेला जोड सुटतो आणि पाणी डिकीत जातं, म्हणून कार्पेट उचलून पाहा.

आता फक्त टर्बोचं. लोक टर्बो स्वतःच उडेल म्हणून घाबरतात. माझ्या अनुभवात टर्बो त्या मानाने टिकाऊ निघतो. त्याचं बेअरिंग कूलंटने थंड होतं, आणि इंजिन बंद केल्यावर एक छोटा इलेक्ट्रिक पंप थोडा वेळ कूलंट फिरवत राहतो. गाडी बघायला जाल तेव्हा चांगली फिरवून आणल्यावर इंजिन बंद करा आणि कान द्या, त्या पंपाची घरघर ऐकू आली पाहिजे. खरा त्रास उष्णतेचा. इनटेक मॅनिफोल्डखाली बारीक व्हॅक्यूमच्या नळ्यांचं जाळं आहे, ते चाळीस वर्षं भाजून निघालेलं असतं.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ अशीच ८६ची टर्बो घेऊन आले. दुसऱ्या एका वर्कशॉपने त्यांना सांगितलं होतं, टर्बो मेला, नवा टाका. डॅशबोर्डवरचा बूस्टचा काटा १.४ बारच्या पुढे जात नव्हता. या गाडीचा काटा वातावरणाच्या दाबासह मोजतो, म्हणजे इंजिन बंद असताना एक आणि पूर्ण जोरात पावणेदोनच्या जवळ. आम्ही मॅनिफोल्ड काढलं. पेन्सिलपेक्षा बारीक एका नळीला वाकल्या जागी चीर गेलेली, आणि बूस्ट सांभाळणारा छोटा व्हॉल्व्ह थकलेला. सगळ्या नळ्या बदलल्या, व्हॉल्व्ह बदलला, काटा १.७ ला गेला. त्यांचा जुनाच टर्बो आजही चालतोय. सांगायचं हे की टर्बोची ९४४ ठेवायची तर तिला ओळखणारा मिस्त्री लागतो. दोष शोधायला लागणारा वेळ पार्टच्या किमतीपेक्षा महाग पडतो, आणि तुम्ही स्वतः बॉनेटखाली हात घालणार नसाल तर तो प्रत्येक तास तुमच्या बिलात येणार.

याच काट्याचा उलटा अर्थही बघा. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबल्यावर काटा १.८ ओलांडून पुढे गेला तर खूश होऊ नका. कुणीतरी इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये ताकद वाढवणारी चिप घातली आहे किंवा वेस्टगेटशी, म्हणजे बूस्टला मर्यादा घालणाऱ्या झडपेशी, खेळ केला आहे. अशा गाड्यांची हेड गॅस्केट आधी जातात. पुढे १९८८ साली पोर्शेने टर्बो एस काढली, २५० पीएसची, पण त्यासाठी टर्बो बदलला, गिअरबॉक्स आणि ब्रेक बळकट केले. १९८९पासून सगळ्याच टर्बोंना ती ताकद मिळाली. नुसती चिप घालून तीच ताकद काढणारा ही बाकीची तयारी करत नाही.

१९८६च्या गाडीबद्दल आणखी एक गोष्ट आहे. १९८७ मॉडेलपासून पुढच्या-मागच्या चाकांची बैठक बदलली आणि एबीएसची सोय आली. त्यामुळे ८६च्या टर्बोला एबीएस नाही, आणि नंतरच्या गाड्यांची चाकं तिला तशीच बसत नाहीत. तुम्ही पाहिलेल्या ९०च्या एस-२ला एबीएस असायला हवा. ओल्या घाटात मला हा मुद्दा नऊ पीएसपेक्षा मोठा वाटतो.

आणि आता एस-२ची दुखरी जागा. बेल्ट या इंजिनाचा फक्त एक्झॉस्टचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, फिरवतो. इनटेकचा कॅमशाफ्ट हेडच्या आत एका छोट्या चेनने फिरतो, आणि ती चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरला प्लॅस्टिकचे पॅड असतात. तीस-पस्तीस वर्षं गरम ऑइलमध्ये राहून ते तपकिरी होतात, ठिसूळ होतात, झिजतात. पॅड तुटला की चेन सैल होते, कॅमशाफ्टवरचे दाते खाते, आणि ती उडी मारली तर व्हॉल्व्ह-पिस्टनची तीच गाठ, बेल्ट कितीही नवा असला तरी. हे बाहेरून दिसत नाही, आवाजही बहुतेकदा उशिरा येतो.

माझ्याकडे एक एस-२ आली होती, तिच्यासोबत पावत्यांची जाडजूड फाइल. बेल्ट दोनदा बदललेले, प्रत्येक ऑइल चेंजची नोंद. मालकाने गाडी पोटच्या पोरासारखी सांभाळलेली. सकाळी सुरू करताना वरून थोडी खडखड येते एवढीच तक्रार. कॅमशाफ्टवरचं कव्हर काढलं तर वरच्या पॅडचा निम्मा भाग जागेवर नाही, तुकडे खाली ऑइलमध्ये, आणि दोन्ही कॅमशाफ्टचे दाते धारदार झालेले. इतक्या वर्षांत एकाही वर्कशॉपने ते कव्हर उघडलंच नव्हतं, कारण सर्व्हिसच्या यादीत त्याचं नाव नाही. चांगले कॅमशाफ्ट मिळेपर्यंत गाडी चार महिने उभी होती. वेळेत पाहिलं असतं तर काम फक्त पॅड बदलण्याचं होतं, आणि ते पॅड स्वस्त आहेत. एवढ्या जपणाऱ्या माणसाला हे सांगताना मला फार वाईट वाटलं होतं, म्हणून आता प्रत्येक एस-२ घेणाऱ्याला मी हे आधी सांगतो.

तरी दोन दुखण्यांत फरक आहे. एस-२चं दुखणं एक आहे, त्याची जागा माहीत आहे, कव्हर काढलं की डोळ्यांना दिसतं, आणि एकदा केलं की पुढची बरीच वर्षं चिंता मिटते. टर्बोची दुखणी छोटी छोटी आहेत, पसरलेली आहेत, आणि एक मिटलं की दुसरं हळूच डोकं काढतं. त्यातलं कुठलंही एकटं गाडी मारत नाही. ज्याला स्वतः रविवारी सकाळी दोन नळ्या बदलायला आवडतं त्याच्यासाठी टर्बो ही आनंदाची गाडी आहे. तुम्ही भुयारी पार्किंगमध्ये राहणारे, पाना न उचलणारे. म्हणून तुम्हाला माझा सल्ला एस-२चा.

याला माझी एक अट आहे आणि एक अपवाद. अट अशी की घेण्याआधी कव्हर काढून पॅड बघायचे. विक्रेता तयार नसेल तर पॅड गेलेत असं धरून किंमत ठरवायची. अपवाद असा की तपासणीत टर्बो खरोखर सांभाळलेली निघाली, म्हणजे नळ्या नव्या, बूस्ट जिथल्या तिथे, बेल्ट ताजे, चिप नाही, आणि एस-२चे दाते खाल्लेले निघाले, तर बिनदिक्कत टर्बो घ्या. चांगली सांभाळलेली टर्बो बिघडलेल्या एस-२पेक्षा केव्हाही कमी त्रास देते. या वयाला मागच्या मालकाने काय केलं याचं वजन इंजिनाच्या प्रकाराहून जास्त असतं.

तीस हजारांपैकी सगळे गाडीत घालू नका. दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी पहिल्या वर्षासाठी चार-पाच हजार वेगळे ठेवा: बेल्ट, सगळे द्रव, टायर, इंजिन माउंट. टायरची नक्षी छान दिसली तरी तारीख वाचा. टॅक्स आणि जुन्या ऐतिहासिक गाड्यांना मिळणाऱ्या एच नंबरप्लेटबद्दल तुम्ही विचारलंत, तिथे फरक काहीच नाही. दोन्ही गाड्या तीस वर्षांपुढच्या आहेत, दोन्हींना एच मिळू शकते आणि वर्षाचा कर ठरावीक, सुमारे १९१ युरो. फक्त गाडी मूळ रूपाच्या जवळ हवी, तेव्हा खूप बदल केलेल्या टर्बोची तिथे पंचाईत होऊ शकते.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सुचवतो. एकदा साधी आठ व्हॉल्व्हची ९४४ही चालवून बघा. अडीच लिटरची, किंवा १९८९ची २.७ लिटरची. तिला ना टर्बो, ना हेडमधली चेन. वजन साधारण बाराशे ते तेराशे किलो, स्टिअरिंग तेच, तोल तोच, आणि किंमत बरीच खाली. बी-५००वर ती पूर्ण पिळून चालवता येते आणि लायसन्स शाबूत राहतं. ट्रॅकवर तिची दमछाक होईल, आणि ऑटोबानवर मागून येणाऱ्यांना वाट द्यावी लागेल. पण वर्षातून एकच ट्रॅक डे असेल तर त्यासाठी बाकीचे पन्नास रविवार कुठली गाडी पोसायची, हे तुम्ही घरी बसून ठरवा.

शनिवारी टर्बो आणि रविवारी एस-२ बघायला जाताय म्हणालात. दोन्ही विक्रेत्यांना आदल्या दिवशी फोन करून सांगा की गाडी आधीपासून सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा, ते गार असलं पाहिजे. थंड इंजिन स्वतः सुरू करा, पहिला अर्धा मिनिट रेडिओ बंद, खिडकी उघडी, आणि वरून येणारा आवाज ऐका. मग तासभर चालवून इंजिन पूर्ण गरम झाल्यावर उभ्या गाडीत ऑइल प्रेशरचा काटा बघा: दोन बारच्या आसपास असेल तर ठीक, एकाकडे लोळत असेल तर किंमत कितीही उतरवली तरी निघून या. टर्बोमध्ये तिसऱ्या गिअरमधला बूस्टचा आकडा, आणि एस-२मध्ये कव्हर उघडून पॅडचे फोटो, एवढं मला पाठवा. रविवारी रात्री बघून सांगतो.